झाकण लावून काढलेले अकरा फोटो (रेंजफाइंडर आणि पुन्हा एकदा रोल)

माळ्यावरचा

गेल्या दिवाळीनंतर ठाण्यातली, पाचपाखाडीची मामाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना माळ्यावरून तांब्याचा बंब उतरला, तीन होल्डॉल उतरले, चार पंख्यांची पाती उतरली आणि एका कडक झालेल्या कातडी केसमध्ये याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन उतरला. अशा गोष्टींमध्ये कॅमेऱ्यात जुना रोल सापडतो आणि तो धुतला की गेलेल्या माणसाचं हसू निघतं. माझ्या कॅमेऱ्यात हिरवी पूड निघाली. बॅटरी आतच फुटली होती.

मामा ठाम होता. "चालू आहे तो."
"शेवटचा कधी वापरलास?"
"तुझ्या मुंजीत."

माझी मुंज होऊन बत्तीस वर्षं झाली. तरी घरी आणला. कानकोरणीच्या कापसावर व्हिनेगर घेऊन बॅटरीच्या खणातली पूड काढली, पितळ दिसेपर्यंत घासलं. मूळची बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. ती आता बनतच नाही. घड्याळवाल्याकडून एलआर४४च्या चार बटण बॅटऱ्या आणल्या, एकावर एक ठेवून लग्नपत्रिकेच्या जाड कागदात गुंडाळल्या आणि उरलेली जागा भरायला बॉलपेनातली स्प्रिंग घातली. झाले ६ व्होल्ट. एवढा फरक त्याचं सर्किट खपवून घेतं. मागचं चेकचं बटण दाबलं आणि वर आकड्यांच्या खिडकीत हिरवा दिवा लागला. मी तो घरात फिरून सगळ्यांना दाखवला. बायको म्हणाली, "टॉर्च आहे का?"

ज्यांनी रेंजफाइंडर हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, मध्ये आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्सच्या वरच्या एका वेगळ्या खिडकीतून बघतो. तिच्या शेजारी, थोड्या अंतरावर दुसरी छोटी खिडकी असते. दोन्हींतून आलेली चित्रं मधल्या पिवळसर चौकोनात एकावर एक पडतात. म्हणजे समोरच्या माणसाची दोन भुतं दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की एक भूत सरकतं, आणि दोघं एकमेकांत विरघळली की फोकस. बाकी काहीच धूसर होत नाही. पुढचा माणूस, मागची रिक्षा, त्यामागची पाटी, सगळं कायम लख्ख. शिवाय फोटोची चौकट ही आत तरंगणारी पिवळी रेघ असते, तिच्या बाहेरचंही दिसत राहतं. कोण आत येतंय, कोण निघून जातंय हे आधी कळतं.

माझी चूक याच "लेन्समधून न बघण्या"तली आहे.

पाडव्याची स्वागतयात्रा. सकाळी साडेसहाला कौपीनेश्वराच्या देवळापाशी पोचलो. गळ्यात मामाचा याशिका, आत ४०० आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट रोल. ढोल सुरू झाले, लेझीमवाल्या मुली आल्या, मी काढतोय. दोन भुतं जुळवतोय, दाबतोय, लिव्हर ओढतोय. दिवे व्यवस्थित लागतायत: लाल लागला की उजेड जास्त, लेन्सचं छिद्र लहान करा, पिवळा लागला की उजेड कमी, हात हलवू नका. तलावपाळीच्या वळणावर नऊवारीतल्या एक आजी फेटा बांधून उभ्या होत्या. त्यांच्यापुढे वाकलो, फोकस केला, दाबलं. आजी म्हणाल्या,

"अहो, झाकण."

कॅमेऱ्याच्या पोटावर लेन्सचं झाकण जसंच्या तसं. आकड्यांच्या खिडकीत ११.

आजींना म्हटलं, परत एकदा प्लीज. त्यांनी मान वळवली. "एकदाच हसते मी." पण उभ्या राहिल्या. बारावा फोटो आलाय आणि तो पूर्ण रोलमधला सगळ्यात चांगला आहे. हसत नाहीयेत त्या. माझी कीव करतायत, आणि ते स्वच्छ दिसतंय.

आता मुद्दा. रोलकडे परत का, असं ऑफिसात मला सगळे विचारतात आणि "त्याचा ग्रेन काय सुंदर असतो" हे उत्तर मी दोन महिने देत होतो. ते खोटं आहे. ग्रेन, म्हणजे तो दाणेदारपणा, मोबाईलवर एका बोटाने येतो. खरं कारण मला त्या आजींपुढे कळलं. मोबाईलवर किंवा डिजिटलवर फोटो काढला की माझी मान आपोआप खाली जाते, कसा आला ते बघायला. चाळीस लोकांची यात्रा पुढे सरकते आणि मी स्क्रीनमधल्या मागच्या क्षणात. या डब्याच्या मागे बघायला काहीच नाही, नुसतं काळं पत्र्याचं दार. मग मान वरच राहते. आणि मान वर असली की समोरचा माणूस बोलतो. झाकण लावलंय असं तरी सांगतो.

आवाजही हवा तसा आहे. आरसा नसल्याने धाडकन काही होत नाही, पानाच्या शटरची बारीक चुटकी. हात स्थिर असेल तर १/१५ सेकंदाला सुद्धा हातात धरून निघतो. गडकरी रंगायतनच्या बाहेरच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्यांना कळतही नाही.

प्रश्न दोन. दाराच्या कडेचा, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झालाय, तो बदलायचा कसा? आणि धुणं घरी करावं का? एका लॅबमध्ये पहिला रोल दिला होता, तिथे तीन आठवडे लागले आणि निगेटिव्ह अशी गुंडाळी करून दिली की अजून सरळ होत नाहीये.

---

खाडीपलीकडची

"एकदाच हसते मी" 😂😂 आजींना दंडवत.

ऐरोलीहून हजेरी. माझ्याकडे कॅनोनेट क्यूएल१७ जी३ आहे, १९७२ चं मॉडेल, ४० मिमी, एफ १.७. तुमची झाकणाची दुर्घटना माझ्या कॅमेऱ्यात होत नाही आणि त्याचं कारण मजेशीर आहे. याशिकात उजेड मोजणारा डोळा वरच्या पट्टीवर आहे, फाइंडरच्या ओळीत. लेन्स झाकली काय न झाकली काय, त्याला पत्ताच नाही, तो आनंदाने दिवे लावत बसतो. कॅनोनेटमध्ये तो डोळा लेन्सच्या गोलातच, फिल्टरच्या रिंगच्या आत बसवलाय. झाकण लावलं की तोही आंधळा. ऑटोवर असाल तर शटर पडतच नाही. मी पहिल्यांदा कॅमेरा बिघडला म्हणून रडवेली झाले होते, मग झाकण काढलं.

अजून एक सुख म्हणजे रोल भरणं. क्यूएल म्हणजे क्विक लोड. फिल्मची जीभ लाल खुणेपर्यंत ओढायची, दार लावायचं, संपलं. तुमच्या याशिकात मात्र जीभ फटीत नीट अडकली का ते बघा. खात्रीचा उपाय: दार लावल्यावर डावीकडचा गुंडाळायचा खुंटा हलकेच फिरवून ढिलाई काढा, मग लिव्हर ओढा. खुंटा आपोआप फिरला तर रोल सरकतोय. नाही फिरला तर तुम्ही हवेत फोटो काढताय.

बॅटरी: माझ्यात पाऱ्याची ६२५, १.३५ व्होल्ट लागायची. तिच्या जागी मी कानाच्या मशीनची ६७५ घालते, भोवती रबरी रिंग. १.४ व्होल्ट असल्याने मीटर जवळजवळ बरोबर सांगतो. स्टिकर काढला की महिना-दोन महिन्यांत मरते, पण औषधाच्या दुकानात मिळते. आणि मेली तरी बिघडत नाही, हाताने सगळं लावून शटर चालतं.

फोम: टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. धीर धरून खरवडा, तुकडे शटरवर पडू देऊ नका. खाचेत काळी लोकर चिकटवली आहे मी, बिजागरीच्या बाजूला फेल्टची पट्टी. नागपंचमीला विणायला घेतलेला आणि अर्धा राहिलेला स्वेटर कामी आला.

---

हिशेबी

धागा गोड आहे, पण कुणीतरी पैसे मोजायला हवेत म्हणून मी.

रोल ९०० धरा. धुणं आणि स्कॅन ५००. भागिले ३६. क्लिकमागे ३९ रुपये. तलावपाळीवर दोन वडापाव येतात. धागाकर्त्याने त्या सकाळी बावीस वडापाव झाकणावर वाया घालवले.

आणि शेवटी काय करता? स्कॅन करून मोबाईलवरच बघता ना? मग मधला द्राविडी प्राणायाम कशाला? मान वर ठेवायचीच असेल तर मोबाईलचा प्रिव्ह्यू बंद करा, फुकटात होतं.

---

माळ्यावरचा

@हिशेबी, बावीस वडापाव हे घरी सांगू नका.

प्रिव्ह्यू बंद करून पाहिला होता. दोन दिवस. बंद केलेली गोष्ट चालू करता येते हा त्यातला मोठा दोष आहे.

---

रशियन ठोकळा

माझा आयडीच माझा कॅमेरा आहे. झोर्की ४. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटला शुक्रवारी सकाळी, एका ग्रामोफोनच्या कर्ण्यात ठेवलेला मिळाला. वजन असं की चोर आला तर फोटोही काढता येईल आणि चोरही पाडता येईल.

या सगळ्याचं कूळ थोडक्यात सांगतो, कारण रशियन कॅमेरा म्हटलं की लोक हसतात. ओस्कार बार्नाकने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धरून २४ × ३६ ची चौकट केली. तो लायका १९२५ साली बाजारात आला, पण त्यात फोकस अंदाजाने लावावा लागे. रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला १९३२ च्या लायका २ मध्ये. दोन वर्षांत खारकीव्हमध्ये त्याची हुबेहूब नक्कल निघाली, नाव फेड. एका अनाथ मुलांच्या वसाहतीत बनायचा तो, आणि नाव ठेवलं होतं सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून. झोर्की त्याच घराण्यातला, क्रास्नोगोर्स्कचा. किएव्हची तर वेगळीच कथा, युद्धानंतर जर्मनीतून काँटॅक्सची यंत्रसामग्रीच उचलून नेली.

१९५४ ला लायका एम३ आला आणि रेंजफाइंडर याहून चांगला होणं अवघड होतं. आणि पाचच वर्षांत, १९५९ ला निकॉन एफ आला. त्याचा सांगाडा निकॉनच्याच एसपी रेंजफाइंडरवरून घेतलेला, वर आरशाची पेटी बसवलेली. मोठ्या लेन्स लावायच्या तर आरसाच बरा हे वर्तमानपत्रवाल्यांना लगेच कळलं. रेंजफाइंडर मग घरगुती झाला. मामांच्या मुंजीबारशांत याशिका आला तो असा.

झोर्की घेणाऱ्यांना एकच गोष्ट, वाचनखूण साठवून ठेवा: आधी रोल पुढे घ्या, मग शटरचा वेग बदला. उलटं कधीच नाही. रोल पुढे न घेता डायल फिरवली की आतला पिन चुकीच्या जागी अडकतो आणि मग तुमच्याकडे पेपरवेट उरतो. माझ्याआधीच्या मालकाने तेच केलं होतं. मी दुरुस्तीला जितके दिले तितक्यात दुसरा आला असता.

लेन्स मात्र, ज्युपिटर ८, ५० मिमी, एफ २. माणसाच्या चेहऱ्याला फार सभ्यपणे वागवते.

---

मेटॉल

धुणं घरीच करा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर बाहेर देणं म्हणजे वरणभात हॉटेलातून मागवण्यासारखं आहे.

लागतं काय: डेव्हलपिंग टँक, अंधाराची पिशवी (हात घालायला बाह्या असलेली), थर्मामीटर, मोजपात्रं. रोल पिशवीत उघडून टँकच्या चक्रीवर चढवायचा. हे आधी एका वाया गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून सराव करा. घामाने ओले हात असतील तर फिल्म चक्रीत अडकते आणि मे महिन्यात आपल्याकडे हात कधी कोरडे असतात? मी रात्री अकरानंतर एसीच्या खोलीत भरतो.

डेव्हलपर (रोलवर चित्र उमटवणारं द्रावण) तयार मिळतो, पण मी डी-७६ स्वतः करतो. कोडॅकचं हे सूत्र १९२७ पासूनचं आहे आणि त्यात गुपित काही नाही. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट (निर्जल) १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सगळं प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं. ग्रॅममध्ये मागितलंत तर हसतील, अर्धा-अर्धा किलो घ्यावं लागतं.

खोच क्रमात आहे. पाणी ५० अंशांच्या आसपास गरम. आधी चिमूटभर सल्फाइट, ते मेटॉलला हवेपासून वाचवतं. मग मेटॉल. ते पूर्ण विरघळल्यावरच बाकीचं सल्फाइट. आधीच सगळं सल्फाइट ओतलंत तर मेटॉल विरघळतच नाही, तळाशी रव्यासारखं बसून राहतं. मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट, आणि रात्रभर थंड होऊ द्या.

तापमान हा ठाण्यातला खरा शत्रू. तक्ते सगळे २० अंशांचे. एचपी५ रोलला न पातळ केलेल्या डी-७६ मध्ये साडेसात मिनिटं. आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये दुपारी चहाला नुसतं उकळी आणायचं बाकी असतं. बादलीत बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली उभी. बर्फ बादलीत, डेव्हलपरमध्ये नाही (हे मी अनुभवाने लिहितोय). पारा २० वर आला की ओता. उन्हाळ्यात २४ वर करायचं तर वेळ कमी करावी लागते, पण पाच मिनिटांच्या खाली आलात की धुणं डागाळ होतं.

मग पाणी, मग हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण). हायपो जिवंत आहे का ते रोलची कापलेली जीभ टाकून बघा. पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट रोल ठेवायचा. मग धुवा, भरपूर धुवा. शेवटच्या पाण्यात लिक्विड सोपचा एखादा थेंब, नाहीतर थेंबांचे डाग राहतात. बाथरूममध्ये कपड्यांच्या चिमट्याने लटकवा, खाली दुसरा चिमटा वजनाला. पंखा लावू नका, धूळ चिकटते. खाली वजन असल्याने निगेटिव्ह सरळ वाळते, तुमच्या लॅबसारखी गुंडाळी होत नाही.

रंगीत रोल घरी नको सुरुवातीला, त्याला ३८ अंश नेमके सांभाळावे लागतात. आणि स्वस्त मिळतात म्हणून सिनेमाच्या रिळातून कापून भरलेले रोल नेहमीच्या लॅबमध्ये विचारल्याशिवाय देऊ नका. त्यातल्या अनेकांच्या पाठीला काजळीसारखा थर असतो, तो मशीनमध्ये सुटला की पुढच्या दहा जणांचे रोल जातात.

भांडी स्वयंपाकघरातली वापरायची नाहीत. आमच्याकडे एका मोजपात्राने संसार मोडता मोडता राहिला.

---

जुना लॅबवाला

सगळं वाचलं. हसू आलं, रागही थोडा आला, त्यामुळे लिहितो. मी चरईत राहतो. चाळीस वर्षं फोटोग्राफी हाच धंदा केला.

तुम्ही सगळे जे "सुख" म्हणताय ते आमचं रोजचं टेन्शन होतं. सुरुवातीला १२० नंबरच्या रोलवर चालणारा याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, बारा फोटो, रोल उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. तो मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचा. नंतर रंगीत आलं, ३५ मिमी आलं. मॅक्सी साइजचे अल्बम. लग्नात छत्तीसच्या हिशेबाने चालायचं. मंगलाष्टकांना किती, सप्तपदीला किती, व्याह्यांच्या नाराज काकांना किती. तीन रोलचे पैसे ठरलेत आणि चौथा लागला तर तो आपल्या खिशातून.

आणि वरती ताईंनी लिहिलं आहे, खुंटा फिरतो का बघा. मला हे कोणी लग्नाआधी सांगायला हवं होतं. साल सांगत नाही, कारण ते दांपत्य नौपाड्यातच आहे आणि आजही भेटलं की विचारतं. मुहूर्ताचा रोल. लिव्हर ओढतोय, दाबतोय, आकडा पुढे जातोय. ३६ झाले, ३७, ३८, ३९. चाळीसला पाठीतून घाम निघाला. रोल फटीत अडकलाच नव्हता. एक फोटो नाही. मी नवरीच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग भटजींना बोलावलं. जेवणाच्या पंगती थांबवून अंतरपाट पुन्हा धरला, अक्षता पुन्हा टाकल्या. अल्बममध्ये बघाल तर नवरा खरोखर हसतोय, कारण तोवर त्याचं लग्न होऊन दोन तास झाले होते. पहिल्यांदा लागताना कोण तसं हसतं?

डिजिटल आलं तेव्हा मी महिन्याभरात सगळं विकलं. एक दिवस वाईट वाटलं नाही. काढल्या काढल्या दिसतंय, आलाय, सुटलो. तुम्हाला मान खाली घालायची नाही, आम्ही मान खाली घालता यावी म्हणून तीस वर्षं वाट बघितली.

@मेटॉल, सूत्र बरोबर दिलंत. पण हातमोजे लिहायचे राहिले. मेटॉलने कित्येकांना खाज सुटते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पावसाळ्यात फुटतात.

---

मेटॉल

काका, चूक मान्य. हातमोजे घाला. ठळक केलं.

---

खाडीपलीकडची

काका, अंतरपाट दुसऱ्यांदा 🙏 हे लिहून ठेवा कुठेतरी.

पावसाळ्यावरून आठवलं. @माळ्यावरचा, ती कातडी केस ताबडतोब टाका. जपून ठेवायची तर वेगळी ठेवा, कॅमेरा तिच्यात नको. ओल धरते आणि लेन्सला बुरशी तिथूनच लागते. टॉर्च लेन्समधून मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. खाडीच्या दोन्ही बाजूंना जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीलाही लागते, काचेची काय कथा. मी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवते. निळे मणी गुलाबी झाले की भाजून परत निळे करायचे. आणि मुख्य म्हणजे वापरा. कपाटात पडलेल्यालाच लागते.

---

जुना लॅबवाला

आमच्याकडे कपाटात १५ वॅटचा बल्ब जळत असायचा, चोवीस तास. चार महिने. तेवढा उबारा पुरतो. वीज गेली की आधी देवापुढची समई नाही, ते कपाट आठवायचं.

---

हिशेबी

काका माझ्या बाजूने आहेत हे नोंदवून घ्या.

गंभीर प्रश्न: ही बॅटरी यात्रेच्या मध्येच गेली तर? मेटॉल वगैरेंचं ठीक आहे, पण इलेक्ट्रॉनिक शटर म्हणजे डबा बंद ना?

---

रशियन ठोकळा

नाही. इलेक्ट्रोचं शटर बॅटरीशिवाय १/५०० ला पडतं. एकच वेग, पण पडतं. आणि जुना नियम असा की कडक उन्हात छिद्र एफ १६ आणि शटर रोलच्या आकड्याइतकं. ४०० चा रोल, १/५००, एफ १६. दुपारी बारा वाजता ठाणे स्टेशनबाहेर फोटो येणारच. सावलीत मात्र राम म्हणा.

त्यापेक्षा मोठा धोका वेगळा. या मॉडेलमध्ये लिव्हर ओढताना शेवटी आतून "खट्ट" असा आवाज यायला हवा. आत एक रबराची गादी असते, ती वयाने विरघळते. आवाज गेला की समजा गादी गेली, आणि मग शटरची वेळ चुकायला लागते. दिवे बरोबर लागतात आणि फोटो मात्र पांढरेफटक. @माळ्यावरचा, खट्ट येतं का?

---

माळ्यावरचा

येतं! मामाला फोनवर ऐकवलं. म्हणाला, "सांगितलं होतं ना, चालू आहे."

दुसऱ्या रोलचा अहवाल, तीन आठवड्यांनंतर. लोकर चिकटवली (आमच्याकडची लोकर मरून आहे, चालते का माहीत नव्हतं, उजेड आत आलेला दिसत नाही). रोल रात्री बारा वाजता भरला. चक्रीवर दोनदा अडकला, तिसऱ्यांदा चढला. बर्फ समोरच्या ज्यूसवाल्याकडून आणला. हातमोजे घातले. हायपोतून काढून टँक उघडला तेव्हा मुलगी शेजारी उभी होती. ओली पट्टी दिव्यासमोर धरली. पांढरे काळे, काळे पांढरे. ती म्हणाली, "बाबा, आजीचे केस काळे झाले."

३६ पैकी बरे म्हणावे असे चौदा. चार हललेले. सहा फोटोंत माझ्या बोटाचं टोक, कारण लेन्ससमोर बोट आलं तरी फाइंडरमध्ये दिसत नाही. झाकणासारखंच. बाकी "का काढले कोण जाणे" या सदरातले. त्या फेटेवाल्या आजी नाहीत यात, पण त्याच वळणावर परत गेलो होतो, म्हटलं दिसल्या तर प्रिंट देऊ. प्रिंट पाकिटात आहे.

झाकण आता ड्रॉवरमध्ये. लेन्सवर ५५ मिमीचा यूव्ही फिल्टर चढवला, तो काढायची गरजच नाही. हिशेबी, फिल्टरचे किती वडापाव झाले ते विचारू नका.

---

जुना लॅबवाला

चौदा म्हणजे बरे आहेत. माझ्या पहिल्या रोलमध्ये तीन होते.

सगळं विकलं असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. एनलार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचं यंत्र) गेला नाही, तेव्हा घ्यायला कुणी आलं नव्हतं. माळ्यावर आहे. दोन टँक, लाल दिवा, ट्रेही असतील. सूनबाई दोन वर्षं मागे लागली आहे की माळा मोकळा करा. स्कॅन करून मोबाईलवर बघण्यापेक्षा कागदावर काढा, नाहीतर हिशेबी म्हणतात ते बरोबरच आहे. घेऊन जा. पैसे नकोत. जड आहे, दोघे या. चारनंतर या, दुपारी मी झोपतो.

---

माळ्यावरचा

काका, रविवारी येतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. @मेटॉल येणार का? एक टोक धरायला.

---

मेटॉल

विचारता काय. ट्रे माझे.

---

नवा आयडी

नमस्कार, आजोबांचा अॅग्फा क्लिक थ्री सापडला आहे. चालू आहे का माहीत नाही. विकला तर किती येतील?

---

रशियन ठोकळा

फारसे येणार नाहीत. १२० चा रोल घाला, बारा फोटो येतात. आणि आधी झाकण काढा.